प्रभारी जावई

जबलपूरमधल्या अधारतालच्या भय्यासाहेब टेंभेकरांच्या जावयाच्या जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग नागपूरच्या एका डॉक्टरने कापून काढला, आणि उरलेल्या भागावर टेंभेकर घराण्याचे सणवार कसे चालवायचे, असा गंभीर प्रश्न उभा राहिला. जावई जिवंत होता, ठणठणीत होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण जावई जगणं आणि जावई जेवणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

जावयाचं नाव वेदांग. रेल्वेत नोकरी. ऑपरेशनच्या आधी त्याचं वजन असं होतं, की घरातला वजनकाटा आकडा सांगायचं सोडून नुसता लुकलुकायचा. झोपेत त्याचा श्वास बंद पडायचा आणि यामिनी, म्हणजे त्याची बायको आणि भय्यासाहेबांची एकुलती एक लेक, कोपर मारून तो पुन्हा चालू करायची. बुटाची नाडी त्याने लग्नानंतर स्वतः बांधली नव्हती; त्याला ती दिसतच नसे. या काळात सगळं जबलपूर त्याला एकच सल्ला देत होतं, ‘जरा कमी खा.’ सल्ला देणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मात्र वाढायचं भांडं असायचं. सासूबाई अनसूयाबाई पुरणपोळीवर तुपाची धार सोडता सोडता म्हणायच्या, “वेदांगराव, वजन फार वाढून राहिलं हं तुमचं.” त्याने ताटावर हात आडवा धरला, की धार बोटांमधून खाली सोडायच्या आणि म्हणायच्या, “एवढ्याने काय होतं?”

त्या एवढ्याने काय होतं, ते शेवटी सोनोग्राफीत दिसलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरने नियम घालून दिले. आधी नुसतं पातळ, वरणाचं पाणी आणि ताक, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. घास बोटाच्या पेराएवढा, आणि तोंडातच त्याची पेज झाल्याशिवाय गिळायचा नाही. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. आधी डाळ, पनीर, अंडं. भात-पोळी जागा उरली तर. जागा उरत नसे. गोडाला तर बंदीच, कारण गोड या नव्या पोटात थांबत नाही, थेट खाली घसरतं आणि माणूस घामाघूम होऊन आडवा पडतो. यामिनीने माहेराहून स्वतःच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणली. ज्या वाटीत तिने आयुष्यातला पहिला भात थुंकला होता, त्या वाटीत तिचा नवरा आता दुपारचं जेवण जेवायचा, आणि तळाशी दोन चमचे उरायचे.

केस गळले, गाल आत गेले, पँटी दोरीवर पडद्यासारख्या वाळू लागल्या. पण वेदांग खूश होता. ग्वारीघाटाच्या पायऱ्या तो न थांबता चढला. वर पोहोचून त्याने बुटाची नाडी मुद्दाम सोडली, पुन्हा बांधली, आणि आजूबाजूला कुणी पाहिलं का ते पाहिलं.

आता सगळं जबलपूर त्याला दुसरा सल्ला देऊ लागलं, ‘जरा खात जा.’ माणसं तीच. ज्यांनी त्याला ‘ढोल’ म्हटलं होतं त्यांनीच ‘पार सुकला बिचारा’ म्हटलं. घमापुरहून एक नातेवाईक खोव्याच्या जलेबीचा डबा घेऊन भेटायला आले. वेदांगने हात जोडले. ते म्हणाले, “ऑपरेशन पेट का हुआ है ना भैया, ज़बान तो सलामत है?” आणि सगळी जलेबी स्वतःच खाऊन, आजारी माणसाकडे जाऊन आल्याचं पुण्य घेऊन निघून गेले.

इथवर ठीक होतं. मग अधिक महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेहतीस अनारशांचं. बाकीची माणसं ते डब्यात भरून देतात आणि जावई घरी नेऊन महिनाभर खातो. टेंभेकरांकडे तसली ढिलाई नाही. भय्यासाहेब एका संरक्षण कारखान्याच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. ‘दिलं’ आणि ‘पोचलं’ यातला फरक त्यांना माहीत होता. त्यांच्या घरात जावई पाटावर बसायचा, आणि अनारसे संपल्याशिवाय उठायचा नाही. मागच्या अधिकात वेदांगने सगळे संपवून वर बासुंदी मागितली होती. उठताना त्याने ज्या भिंतीला हात टेकला, ती भिंत पाहुण्यांना अजून दाखवतात.

या वेळी तो पाटावर बसला आणि म्हणाला, “आई, तुमच्यासाठी अर्धा खातो. बस.”

अर्धा खाल्ला. पंधरा मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम फुटला, छाती धडधडायला लागली, ओठ पांढरे पडले. त्याला दिवाणावर आडवं केलं. यामिनी पुठ्ठ्याने वारा घालू लागली. अनसूयाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “माझ्या हातचा अनारसा आजवर कुणाला बाधला नाही हो!”

“आई, अनारशाचं नाही, त्याच्या पोटाचं पाहा,” यामिनी म्हणाली.

“पोटाचंच पाहून राहिले! पोटच नाही राहिलं पाहायला. आणि हे साडेबत्तीस? हे काय मी आता गाईला घालू? वाण आहे ते. अर्धवट वाण अंगावर येतं.”

भय्यासाहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नोकरीत ते असं करत तेव्हा कुणाची तरी बदली व्हायची.

“घाबरायचं काम नाही,” ते म्हणाले. “पद रिकामं नाही. पदावरचा माणूस तात्पुरता अकार्यक्षम आहे. अशा वेळी शासन काय करते? प्रभारी नेमते.”

“प्रभारी काय, बाबा?”

“प्रभारी जावई.”

यामिनीचा पुठ्ठा थांबला. “बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?”

“काहून? अख्खा मध्यप्रदेश प्रभारीवर चालून राहिला. शाळेत प्रभारी प्राचार्य, दवाखान्यात प्रभारी डॉक्टर, जिल्ह्याला मंत्रीसुद्धा प्रभारी. आमच्या सेक्शनला माझ्या अर्ध्या नोकरीत नियमित फोरमन नव्हताच. काम थांबलं का?”

“काम होत होतं का, बाबा?”

“तो वेगळा विषय आहे,” भय्यासाहेब म्हणाले, आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “अंबादास! ओ अंबादास! ज़रा नीचे आना!”

अंबादास म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा अमरावतीकडचा, लग्न न झालेला, घमापुरात पाण्याच्या टाक्या विकायचा. टाकी घ्यायला आलेल्या माणसाला तो मोठी टाकी का घ्यावी ते स्वतःकडे बोट दाखवून समजावून सांगायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले, आणि पाटावर बसला. अनारसे गेले. कसे गेले ते कुणाला नीट दिसलं नाही. शेवटचा तोंडात असताना त्याने ताटाखाली डोकावून पाहिलं.

“काकू, इतकेच होते?”

अनसूयाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऑपरेशन झाल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

आता औक्षण. अनसूयाबाई निरांजन घेऊन उभ्या राहिल्या. एकीकडे दिवाणावर आडवा जावई, दुसरीकडे पाटावर ढेकर देणारा भाडेकरू. “अहो, ओवाळू कुणाला?”

“ज्याच्याकडे कार्यभार, त्याला,” भय्यासाहेब म्हणाले.

मग वाण कुणाला, हा प्रश्न उरला नाही. जावयासाठी शिवलेला रेशमी कुडताही होता. अनसूयाबाईंनी तो जुन्या मापाने शिवून घेतला होता, कारण नवं माप घेणं म्हणजे अपशकुन. वेदांगच्या अंगात तो मच्छरदाणीसारखा लोंबला. अंबादासला काजासकट बसला. शेवटी लग्नातली अंगठी. ती वेदांगच्या बोटातून दोनदा वरणात पडली होती; यामिनीने आतून दोरा गुंडाळून ठेवला होता. भय्यासाहेबांनी दोरा सोडवला. “पदाची वस्तू पदाबरोबर जाते,” ते म्हणाले. “परत आल्यावर परत.”

वेदांगने दिवाणावरून मान हलवली. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. त्या दिवसानंतर दर रविवारी सासरी आला, की तो सरळ स्वयंपाकघरात जायचा, फ्रिजजवळच्या स्टुलावर बसायचा, चांदीच्या वाटीतलं मऊ वरण आणि पनीर शांतपणे चावायचा. कुणी ‘घ्या’ म्हणत नव्हतं, कुणी ‘काहून नाही’ म्हणत नव्हतं. सरकारी पद्धतीचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला होता. यामिनीने वडिलांना एकदा, दोनदा टोकलं. मग नवरा निवांत जेवतोय हे पाहून तीही गप्प बसली. आपल्या गैरसोयीची गोष्ट अन्याय असते आणि सोयीची गोष्ट व्यवस्था असते. यामिनी शिकलेली मुलगी होती, तिला हे लगेच कळलं.

पण प्रभार ही अशी चीज आहे, की तो एकदा दिला की वाढत जातो.

आधी फक्त ‘राव’ सरकला. एका रविवारी अनसूयाबाई म्हणाल्या, “अंबादासराव, भजी घ्या,” आणि त्याच श्वासात, “वेदांग, जरा तो झारा दे.” कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी अंबादासने भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. जावयाने खोड काढणं हा अधिकार असतो, भाडेकरूने काढणं हा आगाऊपणा. भय्यासाहेबांनी मीठ वाढायला लावलं, तेव्हा अधिकाराचं ठरलं. मग अंबादास पाटावरूनच म्हणायला लागला, “वेदांग, पानी लाना ज़रा.” वेदांगने आणलं. त्याला तरी दुसरं काय काम होतं?

तिलवाऱ्याच्या रस्त्यावर एका लॉनमध्ये नातेवाइकांचं लग्न होतं. टेंभेकरांचं कुटुंब प्रभारी जावयासह गेलं. स्टेजवर फोटोवाल्याने हात हलवला, “जमाई जी, बीच में आइए!” आणि अंबादास रेशमी कुडत्यात मधे जाऊन उभा राहिला. यामिनीच्या शेजारी. वेदांग खाली उभा राहून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होता.

यामिनी स्टेजवरून खाली आली ती थेट वडिलांपुढे. “बाबा, फोटोत नवरापण प्रभारी का?”

“केवळ भोजनापुरता प्रभार आहे. तू गैरसमज करून घेऊन राहिलीस.”

“अच्छा? मग फोटो जेवतानाच काढा.”

“तसं केलं तर फोटोत तो एकटाच मावेल,” भय्यासाहेब म्हणाले. हे खोटं नव्हतं.

नागपूरच्या एका मावशीने त्याच लग्नात अंबादासच्या पाठीवर हात फिरवून म्हटलं, “ऑपरेशनने तब्येत छान सुधारली हो जावयाची!” आणि वेदांगकडे वळून विचारलं, “हा कोण?”

अनसूयाबाई म्हणाल्या, “हा... आपलाच.”

त्या दिवशी वेदांगला पहिल्यांदा कळलं, की त्याच्यापासून फक्त जेवण गेलं नव्हतं. ज्या घरात तो दहा वर्षं जेवला, त्या घरात तो दहा वर्षं फक्त जेवलाच होता. तिथे त्याची दुसरी ओळखच नव्हती. आता कुणी त्याला ‘जेवलास का?’ असंही विचारत नव्हतं. ज्या प्रश्नाने त्याला मरणाच्या दारात नेलं होतं, तो प्रश्न आपल्याला कुणी विचारावा म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळायचा.

आणि मग त्याने ते केलं, जे पदावरून गेलेला प्रत्येक माणूस करतो. तो वाढपी झाला.

हातात पळी आल्यावर त्याला सगळं परत मिळालं. लोक त्याच्याकडे पाहू लागले. अंबादासने हात आडवा धरला, की वेदांगच्या हाताला आपोआप कळायचं कुठून सोडायचं. बोटांमधून तूप, करंगळीखालून गुलाबजाम, अंगठ्याच्या बाजूने बासुंदी. “घ्या हो अंबादासराव, लाजता काय. एवढ्याने काय होतं?” हे शब्द त्याच्या तोंडून इतके सहज निघाले, की आत यामिनीच्या हातातला चमचा खाली पडला.

दिवाळी आली. पाडव्याला अंबादासला पाटावर बसवलं. वेदांगने त्या दिवशी मन लावून वाढलं. चकली, अनारसे, श्रीखंड, पुन्हा अनारसे. अंबादासने एक हात आडवा धरला, मग दोन्ही धरले. मग तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “वेदांगजी, बस. सच में बस.” त्याने किती दिवसांनी ‘जी’ म्हटलं होतं! वेदांगला इतका आनंद झाला, की त्याने अजून दोन वाढले.

जेवण संपलं. औक्षणासाठी सगळे उभे राहिले. अंबादास उठला नाही. तो उठू शकत नव्हता. भय्यासाहेबांनी एक हात धरला, शेजारच्या दोघांनी दुसरा. पाट अंबादासबरोबर थोडा वर आला आणि पुन्हा खाली बसला. त्याचा चेहरा निळसर झाला होता आणि श्वास थांबत थांबत येत होता. तो आवाज वेदांगच्या ओळखीचा होता. तो त्याचाच होता, झोपेतला, म्हणून त्याने स्वतः कधी ऐकला नव्हता. यामिनीने त्याला मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवला होता.

त्याने पळी खाली ठेवली आणि गाडी काढली.

नागपूरचा डॉक्टर तोच. त्याने अंबादासचे रिपोर्ट पाहिले, मग भय्यासाहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वेदांगकडे पाहिलं.

“ही दोन्ही पोटं एकाच घरची?”

“एक नियमित, एक प्रभारी,” भय्यासाहेबांनी स्पष्ट केलं.

“आणि पुढचा?”

“प्रक्रिया चालू आहे.”

तयारीला महिना गेला, मग अंबादासचंही पोट कापलं. तिसऱ्या दिवशी टेंभेकर कुटुंब त्याला भेटायला गेलं. अनसूयाबाईंच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. नर्सने अडवलं, “इसमें क्या है अम्मा?” अनसूयाबाई म्हणाल्या, “कुछ नहीं बेटा, हल्का है.” नर्सने झाकण उघडलं आणि तुपाचा वास वॉर्डभर पसरला. शेजारच्या खाटेवरचा, नळ्या लावलेला एक माणूस उठून बसला. वेदांगने डबा काढून घेतला, बाहेर नेला आणि कचऱ्याच्या बादलीत उलटा केला. अनसूयाबाईंनी त्या बादलीकडे असं पाहिलं, जसं लोक चितेकडे पाहतात.

यामिनीने अंबादासच्या बोटाला साबण लावला आणि अंगठी काढली. वेदांगच्या बोटात ती अजूनही राहणार नव्हती. तिने ती काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, “पळी पुन्हा हातात धरलीस, तर हाच दोरा आवळीन.”

“मला फक्त कुणी तरी विचारावं असं वाटत होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“जेवलास का म्हणून.”

“जेवलास का?”

“हो. पोट भरलं.”

मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, जावई म्हणजे काय पोट आहे का?”

भय्यासाहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. चष्मा काढला, पुसला, लावला. “नाही,” ते म्हणाले. “पण त्याशिवाय त्याला ओळखायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलं नाही.”

हल्ली अधारतालच्या त्या घरी रविवारी दोन माणसं स्वयंपाकघरात बसतात. एक स्टुलावर, चांदीची वाटी घेऊन. दुसरा पाण्याच्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर, लोणच्याच्या वाटीत आपलं पनीर घेऊन. दोघंही न बोलता चावत बसतात. मधेच अंबादास विचारतो, “वेदांगजी, पनीर के बाद अंडा, कि अंडे के बाद पनीर?” वेदांग तोंडातला घास पूर्ण संपेपर्यंत उत्तर देत नाही. दोघांचे कपडे एकमेकांना होत नाहीत आणि कुणालाही होत नाहीत. दोघं सुखात आहेत.

बाहेरच्या खोलीत मात्र पाट रिकामा आहे. त्याभोवती रांगोळी आहे. अनसूयाबाई पळी घेऊन उभ्या आहेत, आणि तूप थिजत चाललं आहे. एवढं मोठं कुटुंब, एवढी जुनी परंपरा, आणि वाढायला एक ताट नाही. भय्यासाहेब चिंतेत आहेत. परवा त्यांनी मला बोलावून विचारलं, तुमच्या पाहण्यात कुणी आहे का? माणूस चांगल्या घरचा हवा, पोट मूळचं हवं, कुठेही न कापलेलं. आणि नाही म्हणता न येणारा हवा.

मी तुमचं नाव दिलं.

दचकू नका. मी तुम्हाला पंगतीत पाहिलं आहे. समोरच्याने हात आडवा धरला, की त्याच्या बोटांमधून कसं सरकवायचं ते तुम्हाला येतं, आणि त्याची पाठ फिरली की ‘किती सुटलाय हा’ असं कुठल्या आवाजात म्हणायचं तेही येतं. अनुभव हाच लागतो. फक्त या वेळी ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसायचं आहे. रविवारी अकरा वाजता या. बेल्ट घरी ठेवून या.

आता तोंड वाकडं करू नका हो. एकच तर रविवार आहे. एवढ्याने काय होतं?